कूलरचा आवाज

(अकोला, जुने शहर. मे महिन्यातली दुपार. आचल जिन्यात बसून अमरावतीच्या नणंदेशी, मायाशी, फोनवर बोलते आहे.)

माया : मी म्हनलं होतं ना तुले? दिवाईत हो म्हनू नको. एक मे महिना तिथं काढून पाय, मंग आईले सांग.

आचल : म्हणाला होतात. मला वाटलं, तुम्हाला आम्ही अकोल्यात यायलाच नकोय.

माया : घ्या! मले काहून नको असन? माही आई एकटी हाय तिथं.

आचल : ताई, दर मेमध्ये मी माहेरी, साताऱ्याला. इथे यायचं ते दिवाळीत. गार वारा, गच्चीवर वांग्याचं भरीत... पुण्यात रेवाला पाळणाघरातून आणेपर्यंत रोज अंधार पडतो. म्हणून टाकलं आईंना, येतो आम्ही कायमचे.

माया : अन् आता?

आचल : रेवाच्या नाकाचा परत घोळणा फुटला. सगळे एका खोलीत, कूलरसमोर. ललितचं ऑफिस, आईंचा जप, पोरीचं रडणं, सगळं तिथंच. दार उघडलं की झळ.

माया : तरी वरच्या खोल्यांत भाड्यानं शकुनबाई हाय म्हनून बरं. थोडी वर जाऊन बसत जा.

आचल : शकुनबाई नाहीत आता. आईंनी खोल्या रिकाम्या करून घेतल्या. आमच्यासाठी.

माया : काय म्हनतं! मले नाई सांगलं तिनं.

आचल : मलाही आल्यावर कळलं. नवा रंग दिलाय, भिंतीवर रेवासाठी पोपट काढून घेतलाय. स्लॅब इतका तापतो की त्या पोपटाकडे बघायलाही कोणी वर जात नाही.

माया : शकुनबाई होती म्हनून तर मी इकडं निवांत होती. रोज सकायी चहा घेऊन खाली उतरे ते.

आचल : तेच ना. परत जाते म्हटलं तर आई खरंच एकट्या पडणार. माझ्या एका ‘हो’मुळे. राहते म्हटलं तर... ताई, जीव घुसमटतो हो इथे.

माया : ललित काय म्हनते?

आचल : आम्ही नाही का वाढलो, म्हणतो. सवय होते.

माया : वाढला मोठा! मे लागला का मामाकडे चिखलदऱ्याले पये तो.

आचल : हे नाही सांगत तो कधी!

माया : कसा सांगन? आता काय ठरवलं तुमी?

आचल : उद्याची गाडी आहे. पाऊस पडेपर्यंत तरी पुणं, पुढचं पुढे. आईंना अजून सांगितलं नाही. आज सकाळी त्या कोपऱ्यावरच्या बालवाडीत रेवासाठी विचारून आल्या.

माया : अगं माय...

आचल : तुमच्याकडे नाही का येणार त्या?

माया : माह्या सासूले अंथरुनावरून उठता येत नाई. आई म्हनते, तुह्या जिवाले आनखी एक काम कायले? पन तू घोर नको करू. मी रोज दुपारी फोन करतो. ‘बरी हावो, कूलर लावून पडली हावो,’ म्हनते.

आचल : पुण्याला मलाही हेच सांगायच्या. ताई, आम्ही यायच्या आधी फोनवर त्यांचं बोलणं कसं यायचं तुम्हाला?

माया : एकदम साफ. काहून?

आचल : आणि आत्ता माझं?

माया : मघापासून निरा घरघर हाय. अर्धं समजून नाई राह्यलं.

आचल : मी खोलीबाहेर, जिन्यात आहे. मधलं दार लावलंय. तो कूलर आहे, ताई.

माया : म्हंजे आई लावतच नाई?

आचल : काल विचारलं त्यांना. म्हणाल्या, एका जिवासाठी एवढी टाकी कोण भरत बसेल?

माया : बाप्पा. इतके उन्हाये मी...

आचल : मी पण. लाइन किती छान येते, म्हणायचे. आम्ही गेल्यावर नुसता फोन करू नका. एखाद्या दुपारी जाऊन बघा. आणि सांगून जाऊ नका, ताई. सांगितलं की लावून ठेवतील.