कबरीवरची चटई

आईला अंगणात पुरून आठवडा झाला होता. आमच्या तुवालू बेटांवरच्या फुनाफुटीच्या विमानतळावर मी भावाची वाट पाहत बसले होते. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. एक निघाली होती, दुसरी निरोप द्यायला आली होती.

"सेलुका, अजून विचार कर. ऑकलंडला लेक बोलावतोय ना तुला?"

"आणि आमच्या ह्यांच्या कबरीवर चटई टाकून कोण निजणार?"

"भरतीला अंगणात पाणी येतं, बाई."

"जमिनीतूनच वर येतं मेलं. परवा उशी भिजली. मी उठून घरात गेले, हे तिथेच."

"मग त्यांनाही घेऊन जा. हल्ली हाडं नेतात."

"लेकाचं घर चौथ्या मजल्यावर. अंगण कुठलं?"

"एकटी वेडी होशील."

"परवा एक पर्यटक आला होता. कबरीला ओटा समजून दुपारभर घोरत पडला. मी उठवलं नाही."

"का गं?"

"बऱ्याच दिवसांनी शेजारी कुणीतरी घोरत होतं."

विमान येत असल्याचा भोंगा वाजला. धावपट्टीवर खेळणारी पोरं बाजूला झाली.

"पोचले की फोन करीन."

"फोन घरात असतो, मी बाहेर. बराच वेळ वाजू दे हं, लागी. लगेच ठेवू नकोस."