डाव्या खांद्याची रायफल

नाव झरीन यूनुस परकार, वय ४३, धंदा घरकाम व लाकडी कोरीवकाम, राहणार रुस्ताक, सूक बाजाराच्या मागे. मूळ गाव तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. आज गुरुवारी समक्ष हजर राहून मराठीत सांगते. दुभाषी दयानंद तेली अरबीत लिहून घेत आहेत.

माझे वडील बंदुकांचे लाकडी दस्ते करायचे. मी बारा वर्षांची असताना ते म्हणाले होते, "मापाचा दस्ता परक्यासमोर ठेवू नकोस. दस्ता आपला माणूस दाखवून देतो."

टेबलावरची रायफल माझ्या नवऱ्याची आहे. लोखंड त्याच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, जुन्या रायफलीचे, कागदही अर्बाबच्या नावावर. दस्ता मी केला. तीन वर्षांपूर्वी अर्बाबच्या दुकानात चांदीची पट्टी घासताना कण उडाला आणि यूनुसचा उजवा डोळा गेला. तेव्हापासून तो अर्बाबबरोबर निशाणेबाजीला जाईना. मी तो दुपारी झोपलेला असताना सुतळीने मान, गाल, हात मोजले आणि डाव्या खांद्याचा दस्ता केला. आज इथे अर्बाबने व दोन शिपायांनी रायफल खांद्याला लावून पाहिली, कुणालाच नेम धरता आला नाही. यूनुसला येतो.

इथे दयानंद म्हणाले, "वहिनी, हे लिहू? इथे शिकारीला बंदी आहे, केस होईल."

मी म्हटलं, "लिहा, भाऊ."

मंगळवारी फजरच्या नमाजानंतर तो रायफल व पाण्याची एक बाटली घेऊन शिकारीला निघाला. म्हणाला, "चपात्या जास्त लाट. कालवण मी आणतो." मी म्हटलं, "आधी स्वतः या." तो हसला.

काल बुधवारी मी याच ठाण्यात सांगितले की नवरा कामासाठी दूर दुक्म बंदरात गेला, फोन लागत नाही. ते खोटे होते. शिकारीचे कळले तर बावीस वर्षांचा विसा जाईल, असे वाटले. तुम्ही कालचा सगळा दिवस दुक्मला फोन केले. तो दिवस मी वाया घालवला.

आज सकाळी मेंढपाळाला रायफल वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, सापडली. तो म्हणतो, खडकाला टेकवलेली होती, पडलेली नव्हती. दस्त्यावर रक्त नाही. मी दोनदा पाहिले. आज ऊन शेहेचाळीस अंश आहे.

वरील मजकूर दयानंद यांनी मला मराठीत सांगितला. मी सांगितले तेच त्यात आहे, कालचा जबाब सोडून द्यावा.

सही करण्याआधी एक विनंती. तुमची गाडी दिसली की यूनुस लपेल, कारण त्याला अजून विसाचीच भीती आहे. मला गाडीत घ्या. साहेब मघाशीच म्हणाले, शोधाला बाईमाणूस नेत नाहीत. तरी लिहून घ्या. मी उतरणार नाही, काही विचारणार नाही. गाडीच्या कर्ण्यावरून मला फक्त, घरी आमच्या मुलाच्या नावाने मारते तशी, "अयानच्या अब्बा" अशी हाक मारू द्या. एवढ्यावर तो बाहेर येईल.