सबस्टेशनच्या खड्ड्यातलं पाणी

आमच्या शिवाप्पामामांनी सबस्टेशनला हरकत घेतली आणि मागं कशी घेतली, ते ऐकाच.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, वर दुष्काळ. आमच्या गल्लीतल्या मोकळ्या जागेत विजेचं सबस्टेशन करायचं ठरलं. परवानगी देण्याआधी नगरपालिकेनं लोकांना हरकती सांगायला बोलावलं. गल्लीतर्फे मामा उभे राहिले.

"लई आवाज करतंय ते. लेकरांना झोप न्हाई यायची. दुसरीकडं न्या."

वीज मंडळाचे इंजिनिअरसाहेब शांतपणे म्हणाले, "नेतो की. फक्त जादा वीज जमिनीत उतरावी म्हणून अर्थिंगचे खड्डे ओले ठेवायला रोज पाण्याचा टँकर येणार, तोही मग तिकडंच जाईल."

मामा थबकले. "रोज?"

"रोज."

"तसं आवाजाचं काय, सवय होतीय माणसाला," म्हणत मामा खाली बसले.

सबस्टेशन झालं. टँकर आला की खड्ड्याआधी गल्लीच्या घागरी भरायच्या. एक दिवस साहेबांनी वाकून पाहिलं, तर खड्डे कोरडेठाक.

"मामा, हे पाणी जमिनीत जायला पाहिजे होतं."

मामा म्हणाले, "जमिनीतच जातंय की साहेब. जरा आमच्या मार्फत जातंय, एवढंच."