बुजवलेली मोरी

हं, टाळ जरा ठेवा खाली. मंडळी, एक विचारतो, आणि देवाच्या दारात बसला आहात तर खरं सांगायचं! शेजारणीच्या घरी चांगलं झालं, तर आपल्या पोटात का दुखतं? आपल्या घरचं काही कमी झालं का? नाही ना? मग दुखतं कशानं? ...त्या खांबाजवळच्या बाई हसल्या बघा. म्हणजे दुखतं!

तर ऐका. मासे धरणाऱ्या ढीवरांचं एक गाव. गावाबाहेर एक बोडी, म्हणजे लहानसा तलाव. मालक दोघे भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा मधून मातीची पाळ घातली. थोरल्याकडे खोल पाणी, धाकट्याकडे उथळ. म्हाताऱ्या बापानं मात्र पाळीत पाणी ये-जा करण्यापुरती एक मोरी ठेवायला लावली. म्हणाला, "पोरांनो, घरं तोडा, पाणी तोडू नका."

आणि त्या गावची रीत काय? सून उंबऱ्यावर आली की तिच्यापुढे थाळीत मानाचा मरळ मासा ठेवायचा. तोही आपल्याच पाण्यातला! बाजारातून आणलेला चालत नाही. — का हो, महाराजांच्या तोंडी मासा आला म्हणून नाक मुरडताय? अहो, भगवंतानं पहिला अवतार कोणता घेतला? मत्स्य! तेव्हा बसा गुमान.

थोरली जाऊ पवना. तिच्या घरी सून आली, तेव्हा मरळ निघाला हा एवढा, हातभर! थाळीबाहेर शेपूट! सारा गाव म्हणाला, "वा पवनाबाई, मरळ पोसावा तर तुम्हीच!" धाकटी सायत्रा तिथंच उभी होती. ओठांवर हसू, पण आत? आत नुसता जाळ! घरी आली, भांडी आपटली. जेवण जाईना, झोप येईना. डोळे मिटले की ते शेपूट दिसायचं.

"अवो," नवऱ्याला म्हणाली, "आपल्या पोराचं लगीन येते. तिच्यापेक्षा मोठा मरळ पाहिजे मले! नाहीतर तोंड दाखवाची सोय नाही."

डोमाजी बिचारा म्हणाला, "अवं, होते तसा होईल. पाण्याले घाई चालते का?"

"तुमाले काय! गाव हसन तं मले हसन!"

आणि लागली कामाला. पाण्यातलं शेवाळ उपसून काढलं. कशाला हवी ही घाण? बारकी मासोळी जाळ्यानं ओढून काढली. कशाला हवा हा पसारा? माझ्या मरळांची जागा अडवते! मग मरळच मरळ आणून सोडले. आणि आपला मरळ चुकून जावेकडे गेला तर? कुदळ घेतली, चिखल दाबला, मोरी बुजवली! तेव्हा कुठं तिला गाढ झोप लागली.

आता मंडळी, इथं जरा डोकं लावा. या जगाचा आचारी कोण? सूर्यनारायण! त्याचं ऊन शेवाळ खातं. शेवाळ किडा खातो, किडा मासोळी खाते, मासोळीला मरळ खातो. पण प्रत्येक हाती घास लहान होत जातो बरं का! खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. हालण्यात जातं, श्वासात जातं. भाकरीतला कोपरा तेवढा उरतो. नाहीतर आमचे हे मृदंगबुवा केवढे झाले असते! कोपऱ्याचाही कोपरा मरळाला मिळतो. म्हणून एक मरळ वर यायचा तर खाली शेवाळाचा ढीग लागतो. आणि सायत्रेनं काय केलं? चूल फोडली, भांडी फेकली, अन् पंगत बसवली!

वरात दारात. वाजंत्री वाजतेय. डोमाजीनं जाळं टाकलं. ओढलं, रिकामं! पुन्हा टाकलं. एकच मरळ आला. मुंडकं एवढं मोठं, अन् अंग? काठी! खायला काही नाही म्हणून मरळांनी मरळ खाल्ले होते, आणि उरलेला हा उपाशीच.

नवी सून उन्हात उभी, व्याही कुजबुजतायत. शेवटी सायत्रा गेली. कुणाकडे? ज्या दाराचं नाव घेताना दात खायची, त्याच दारात!

"जाऊबाई... एक मरळ द्या. माही लाज राखा."

पवनानं मान खाली घातली. "कुठून देऊ, सायत्रे? माहे बी वाळले. माह्या खोल पाण्यात ऊन तळाले जात नाही, शेवाळ धरत नाही. तुह्या उथळ पाण्यातली मासोळी मोरीतून यायची, तिच्यावर माहे मरळ पोसायचे. मागच्या साली वाहवा मी घेतली. अर्धी तुही होती, हे गावात बोलली नाही मी. तू मोरी बुजवली, अन् मी बी ताठ्यात विचारलं नाही."

ऐकलंत? ज्या मरळासाठी वर्षभर जळली, तो तिच्याच घरचा घास खाऊन वाढला होता!

थाळी रिकामीच राहिली. सून तशीच उंबरा ओलांडून आत आली. आणि या दोघी? लग्नाच्या लुगड्यात पाळीवर बसून हातांनी चिखल उकरत होत्या! मोरी मोकळी झाली. पाणी आलं. पण मासोळी? शेवाळच नाही तर मासोळी कुठली! सूर्यनारायण रोज येत होता, ऊन पाण्यावर पडत होतं, पण ते खाणारं कुणीच नव्हतं. पोट भरायला दोन्ही घरांनी मजुरी केली, पाण्यात पुन्हा शेवाळ लावलं, वाट पाहिली.

आता माझ्याकडे नका बघू! भाऊबंदाची भरभराट बघून तुम्हीही कुठं तरी चिखल दाबलाय. कुणाशी बोलणं बंद, कुणाकडे जाणं-येणं बंद. आणि तो माणूस याच मंडपात बसलाय. माना फिरवू नका, मला इथून सगळं दिसतंय! उठा, त्याच्याकडे जा, त्याचा हात धरा. आरतीची घाई नको. तोवर देवाला मी थांबवून ठेवतो.