पूर्ण झालेला पंप

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले, संशोधनाला निधी देणाऱ्या खात्याचे सचिवसाहेब, आमच्या संस्थेचे संचालकसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या बाई, आणि दाराजवळच्या खुर्च्या पकडून बसलेल्या माझ्या वर्कशॉपच्या मंडळींनो,

मी फिटर माणूस. मला दोन मिनिटं दिली आहेत. संचालकसाहेब, घड्याळ तुम्ही बघा, मी बघणार नाही.

बाईंच्या हुशारीबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी त्यांच्या हट्टाबद्दल सांगतो. नवजात बाळाला श्वास घ्यायला मदत करणारा छोटा पंप त्यांनी शोधला आणि तो मी घडवला. एकोणीस वेळा घडवला. अठरा वेळा बाई म्हणाल्या, "दादा, छान झालाय, पुन्हा करा." एकोणिसाव्या वेळी 'छान झालाय' एवढंच म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. तेव्हा मला कळलं, जमलं.

मग आला शेवटचा अहवाल. त्यात एक रकाना होता: काम पूर्ण झाले का? आमचे हेडक्लार्क या कागदांत तीस वर्षं मुरलेले. ते म्हणाले, "बाई, 'अंशतः' लिहा. पूर्ण झालं म्हणालात तर दुकान बंद होईल." बाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि मी दीडशहाणा म्हणालो, "चालतोय ना पंप? मग 'हो' लिहा की. घाबरायचं काय त्यात?" बाईंनी लिहिलं. माझ्या सांगण्यावरून लिहिलं, हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत कबूल करतो.

त्या एका शब्दाने घात केला. संशोधनाचं खातं म्हणालं, अभिनंदन, शोध लागला, आमचं काम संपलं. उद्योगाचं खातं म्हणालं, शंभर पंप दवाखान्यांत चालू असल्याचा दाखला आणा, मग पंप बनवायला पैसे देऊ. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशी गत. साहेब, या दोन खात्यांमधला रस्ता कोणाचा? साचे कोणी करायचे, दवाखान्यांतल्या चाचण्या कोणी करायच्या? बाई तीन वर्षं हेच विचारत दारोदार फिरल्या. सगळीकडे चहा मात्र मिळाला.

प्रकल्पप्रमुख निवृत्त झाला की त्याच्या नावावरची प्रत्येक वस्तू भांडारात जमा करायची, असा आमच्याकडे नियम आहे. बाईंचं टेबल गेलं, कपाट गेलं. उरला पंप. तो रीतसर परवानगीने चाचणीसाठी सरकारी दवाखान्यात दिलाय. उद्या दहा वाजता तो काढून आणायचा हुकूम माझ्या खिशात आहे. भांडारात आला की त्याचे सुटे भाग करायचे, तेही मीच.

आज सकाळी मी तिथल्या सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, "दादा, नऊ दिवसांच्या मुलीला लावलाय. मोठं मशीन एकच आहे, त्यावर दुसरं बाळ आहे. हिला अजून आठवडा तरी लागेल." मी विचारलं, उद्या काढला तर? त्या म्हणाल्या, "असं विचारू नका हो."

सचिवसाहेब, मी चांगल्या समारंभाचा विचका करतोय, कळतंय मला. बाई मघापासून 'बसा, बसा' अशा खुणा करतायत. पण मी आता कोणाच्या पाया पडू? झोप उडालीय माझी. धोरण बदलायला वर्षं लागतील, लागू देत. मला आज तुमची एक सही हवी आहे, तुमच्याच खात्याच्या पैशाने झालेला पंप आहे तिथेच राहू द्यावा म्हणून. अर्ज लिहून आणलाय, पेनही आणलंय.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. सही झाली नाही, तर उद्या मी जाणार नाही. माझी नोकरी घ्या हवी तर. ज्यांना पंप परत हवाय त्यांनी दहा वाजता स्वतः वॉर्डात जावं. मुलीची आई तिथेच शेजारी बसलेली असते. तिला सांगावं, आणि मग काढावा.