पडद्यावरचं फूल

मी शीला, माहेर डोनगावचं, लगन होऊन चिखलीले आली अन् इथल्या कर्णबधिर लेकरांच्या शाळेत शिकवाले लागली. आमचे हे कॉम्प्युटरचे क्लास घेत. आता काय सांगू तुमाले, ज्या लेकराले ऐकूच येत नाही त्याले आवाज काढाले कसं शिकवाचं? मी त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवत होती, म्हनत होती आ कर, ते नुसतं तोंड उघडे. ह्यायनं ते पाह्यलं अन् प्रोग्रामच बनवला. माईकसमोर आ केलं का पडद्यावर कळी हाले, आवाज टिकला का फूल उमले. लेकरं तिथून हटतच नव्हती.

मग हे गेले, हार्टनं, एकाएकी. प्रोग्राम चालू राह्यला, मले वाटे, हेच शिकवून राह्यले. पन तो कॉम्प्युटरबी बिघडला, अन् शाळेले कोनीतरी नवे देल्ले, त्यायच्यात हा प्रोग्राम उघडेच ना. आमची लेक रुचा नागपूरले प्रोग्राम लिहाचंच काम करते, तिले फोन लावला, काऊन नाही चालत वं? ते म्हने, आई, बाबानं ते विंडोजसाठी लिहलं, ह्या मशिनीत लिनक्स हाय, मशीन चालवाची सिस्टमच येगळी. आता मले सांगा, पडदा तसाच, कीबोर्ड तसाच, मंग अडलं कुठं? म्हने, प्रोग्राम लिहाच्या अशा भाषा असतात का एकदा लिहलं का दोन्हीकडं चालते. मंग बाबानं त्या भाषेत काऊन नाही लिहलं? ते म्हने, तवा त्यायच्यासमोर एकच मशीन होती न आई.

रुचा सुट्टी काढून आली, बसली त्या दोन्हीकडं चालनाऱ्या भाषेत लिहत. मी इचारलं, बाबाचं किती ठेवलं? म्हने, एक ओळबी नाही, सारं नव्यानंच लिहा लागलं. मले ते लागलं, मी म्हनलं, एक ओळबी नाही म्हनजे ह्यायचं राह्यलं काय? ते म्हने, आई, फूल तर त्यायचंच हाय न. मले अर्धंच पटलं.

शाळेत लावलं तवा जान्हवी बसली, कधी आवाज न काढलेली पोर. तिनं आ केलं, कळी हालली, थांबली, अन् फूल उमललं. पोरीनं मागं वळून पाह्यलं, मी पाह्यलं का नाही म्हनून. माहे डोये भरून आले, रुचाचा हात कवा धरला मलेच समजलं नाही.

आता तेच डोनगावच्या ओळखीच्या बाईच्या जुन्या विंडोजवरबी चालते, तिच्या मुक्या नातवासाठी. कसं चालते, नका इचारू. अन् हे कोनाचं म्हनाचं, ह्यायचं का रुचाचं, माहा अजून गोंधळच हाय. लेकरायले इचारलं, हे कोनी बनवलं, तर माह्याकडंच बोट दाखवतात. सुखी राहो बापा सारी.