विद्यापीठाची मेंढी

...आणि वर मलाच विचारतात, 'उस्ताद नाएल, तुम्ही जेवलातच कशाला?' विचारणारे कोण, तर प्रोफेसर शौकत, आमच्या विद्यापीठाच्या संशोधन-आचार समितीचे अध्यक्ष, जे मनसफची, म्हणजे मटण-भाताची, परात समोर आली की आधी चष्मा काढून ठेवतात! तुम्हाला सांगतो, अनुदान कार्यालयात माझे केस पांढरे झाले, नियम मला कोणी शिकवायला नको. ज्याच्याकडे अभ्यास चाललाय त्याच्या घरचं पाहणी करणाऱ्यानं खायचं नाही, फार तर कॉफी घ्यायची. नियम चांगला आहे हो, माझी तक्रार नाही. पण ज्यानं केला त्याला एकदा मफ्रकच्या वाळवंटात, अबू मिथकाल नावाच्या बदू मेंढपाळाच्या तंबूत उपाशी बसून दाखवायला सांगा.

तर आमची डॉक्टर रुबा, गुरांची डॉक्टर, गुणी पोरगी. तिनं ऑलिव्हच्या चोथ्याचा नवा चारा काढलाय. अबू मिथकालच्या कळपातल्या थोड्या मेंढ्यांच्या कानात पिवळे बिल्ले, त्यांना हा चारा, बाकीच्यांना जुनंच खाणं. तीन वर्षं उन्हात रापली बिचारी. त्यात लांडग्यानं बिल्लेवाल्या काही नेल्या, आणि अनुदान देणारे परदेशी म्हणाले, 'आता आणखी एक कमी झाली तर समजून घेऊ, दुसरी गेली की सगळं बंद.' म्हणजे तीन वर्षं मातीत. म्हणून मेंढ्या जागेवर आहेत ना ते बघायला पाठवलं... मला.

निघताना रुबा म्हणाली, 'सर, अबू मिथकाल पाहुण्यासाठी मेंढी कापल्याशिवाय राहत नाही. तेवढं बघा.' मी म्हटलं, मी आहे ना.

गेलो. कॉफी आली. आता आमच्याकडे पाहुण्यानं न पिता फिंजान, कॉफीचा पेला, खाली ठेवला की समजायचं, काहीतरी मोठं मागायला आलाय, मुलीला मागणी नाहीतर खुनाची माफी. मी ठेवला. एक म्हातारा दुसऱ्याच्या कानात म्हणतो, 'याला घरी बायको आहे ना रे?' अबू मिथकाल दाढीवर हात ठेवून म्हणाला, 'पी बाबा. जे मागशील ते दिलं.' मी म्हटलं, 'अबू मिथकाल, कानात पिवळा बिल्ला असलेली मेंढी कापायची नाही.' तो म्हणाला, 'एवढंच? शब्द दिला!' मी कॉफी प्यायलो, वर दुसरी घेतली, आणि स्वतःच्याच हुशारीवर इतका खूश झालो की काय सांगू.

दुपारी परात आली. भात, वर मटण, ताकाचा रस्सा... नियम आठवला हो, अगदी घास उचलेपर्यंत आठवत होता. पण आजूबाजूला अख्खं कूळ उभं, तुम्ही जेवल्याशिवाय कोणी हात लावणार नाही, पोरंटोरं ताटकळलेली. सांगा, काय करणार? जेवलो. आणि मटण असं, की सासूबाईंची क्षमा मागून सांगतो, असं कधी खाल्लं नाही.

हात धुतले, आणि अबू मिथकालनं माझ्या तळहातावर काय ठेवावं? पिवळा बिल्ला. चांगला धुऊनपुसून.

'हे काय?'

'तुझा शब्द पाळला. बिल्ला असलेली कापायची नाही म्हणालास, म्हणून आधी काढला.' वर म्हणतो, 'डॉक्टरीणबाईंना सांग, चारा एक नंबर आहे. तू स्वतः खाऊन बघितलंस.'

घाम फुटला मला. तो म्हणतो, 'घाबरतोस कशाला, लांडग्याचं नाव घाल. तो काय विद्यापीठात तक्रार करायला येणाराय?' खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. रुबाला फोन केला. पोरगी रडवेली झाली, पण म्हणाली, 'नाही सर. जे झालं तेच लिहा. मेंढी गेली तर गेली, अभ्यास खोटा नको.' लाज वाटली हो मला. लिहिलं. मेंढी कमी होण्याचं कारण: पाहणी.

आता नियम असा, की माणसाच्या हातून जनावर गेलं तर अख्ख्या समितीनं जागेवर जाऊन चौकशी करायची. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण ही समिती पाच जणांची. अबू मिथकालला कळवलं, तर केवढा आनंद त्याला! 'पाच प्रोफेसर? माझ्या दारी? मग एकीत भागत नाही. दोन लागतील.'

मी हातापाया पडलो. म्हटलं, 'बाबा रे, आता एक जरी गेली तरी पोरीचं सगळं बुडालं. कापायचीच तर बिनबिल्ल्याची काप.' तर केवढा दुखावला! 'मोठ्या माणसांना हडकुळी मेंढी वाढू? माझ्या बापाचं नाव घालवू?' आणि फोन ठेवला.

प्रोफेसर शौकतना म्हटलं, 'साहेब, नका जाऊ. गेलात की तीच चूक पुन्हा होणार.' ते म्हणाले, 'उस्ताद नाएल, आम्ही तुमच्यासारखे नाही. आम्ही डबे घेऊन जाणार.' डबे! बदूच्या तंबूत डबे उघडले तर तो मेंढ्यांवर थांबायचा नाही, यांनाच कापेल.

रविवारी निघायचंय. मी रुबाला एवढंच सांगितलंय की मेंढ्यांचं जे काही मोजायचंय, ते, पोरी, शनिवारीच मोजून घे.